चार बोटांची भरपाई

दिनांक ९ जुलै १९८७, गुरुवार. मागणीची रक्कम तेहतीस हजार दोनशे शहात्तर रुपये ऐंशी पैसे. ठिकाण, कामगार नुकसानभरपाई आयुक्तांची कचेरी. हजर : आयुक्त, त्यांचा लघुलेखक, कारखान्याच्या शेठचे वकील, आमचे वकील, माझी धाकटी बहीण, तिचा नवरा आणि साक्षीदार म्हणून मी. शेठ स्वतः आले नव्हते.

ऐंशी पैशांपर्यंतची ती रक्कम मी काढली होती. भावोजींचा पगार महिना सहाशे चाळीस. अपघाताच्या दिवशी वय तीस पूर्ण. कायद्याच्या तक्त्यात तीस वयासमोर दोनशे सात पूर्णांक अठ्ठ्याण्णव असा आकडा आहे. अर्ध्या पगाराला त्याने गुणायचं, म्हणजे माणूस कायमचा निकामी झाला तर किती ते निघतं. एका हाताची चार बोटं गेली तर त्याच्या निम्मे. वकिलांनी त्यांच्या वहीत तेहतीस हजार असं गोल लिहिलं होतं. मी वरचे दोनशे शहात्तर रुपये ऐंशी पैसे घालायला लावले. कुणाचं ऐंशी पैशांचंसुद्धा नुकसान व्हावं, असं मला वाटत नव्हतं.

माझी बहीण माझ्याहून सोळा वर्षांनी लहान. वडील गेले तेव्हा ती चार वर्षांची होती. तिला शाळेत मी घातलं, तिच्या लग्नाची बोलणी मी केली, मुलगा मी पाहिला. मुलगा गिरणीत बदली कामगार होता, आज ना उद्या कायम होईल असं सगळे सांगत होते. मग संप झाला आणि गिरणीच राहिली नाही. दीड वर्ष त्यांनी मिळेल ते काम केलं. शेवटी घाटकोपरला एका इंडस्ट्रियल इस्टेटच्या गाळ्यात, पत्र्याच्या डब्यांची झाकणं कापणाऱ्या प्रेसवर लागले. चौदा माणसांचा कारखाना. एवढ्या लहान कारखान्याला राज्य कामगार विमा लागू नव्हता, म्हणून पुढचं सगळं शेठ आणि कामगार यांच्यातच राहिलं.

भावोजी दिवसभर एका पायावर उभे असत. दुसरा पाय पायडलवर. पायडल दाबलं की वरचा ठोकळा खाली येतो, झाकण कापून वर जातो. पत्रा चिमट्याने सरकवायचा असतो. पण चिमट्याने दिवसाची तीन हजार झाकणं होत नाहीत, हाताने होतात. हे गाळ्यातल्या चौदाही जणांना माहीत होतं, आणि शेठनाही.

गांजाचं सांगतो. लपवून काही उपयोग नाही, ते सरकारी कागदावर आहे. बहिणीची खोली डोंगराच्या उतारावरच्या चाळीत. वर टोकाला महादेवाचं छोटं देऊळ, तिथे एक गोसावी राहायचा. सोमवारी संध्याकाळी आरती झाली की देवळामागच्या कट्ट्यावर चिलीम फिरायची. तिला कुणी नशा म्हणत नसे, महादेवाचा प्रसाद म्हणत. भावोजी दोनतीन दम घेत आणि घरी येऊन जेवून झोपत. दारू नाही, तंबाखू नाही, शिवी नाही. कंबर धरलेली असते, त्याने एक दिवस सैल पडते, असं ते म्हणत. मला हे आवडत नव्हतं. एकदा मी बोललोही होतो. ते हसून म्हणाले, "दादा, तुम्ही चहा किती घेता?" मी म्हणालो, "चार कप." "मग बघा. मी आठवड्याला तीन दम." हिशोबात मी हरलो.

१९८५च्या दिवाळीनंतर त्यांनी तेही सोडलं होतं. गांजाविरुद्ध नवा कडक कायदा आला, वस्तीत दोघांना पोलिसांनी नेलं, तेव्हा बहिणीने घातलेली शपथ त्यांनी पाळली.

नवऱ्याला कुठेतरी कायमची नोकरी लागावी म्हणून बहिणीने सोळा सोमवार केले होते. १७ फेब्रुवारी १९८६च्या सोमवारी उद्यापन होतं. मी ऑफिसातून परस्पर तिच्याकडे गेलो. गव्हाच्या पिठाचा चुरमा तिने केला होता, तो घेऊन आम्ही सगळे वर देवळात गेलो. आरती झाली. गोसाव्याने चुरमा घेतला आणि स्वतःच्या हातातली चिलीम भावोजींपुढे धरली. भावोजींनी हात जोडले, म्हणाले, "सोडलंय, महाराज." गोसाव्याने हात मागे घेतला नाही. तेव्हा माझी बहीण म्हणाली, "अहो, आज नाही म्हणू नका. उद्यापन आहे. एवढा एक घ्या." भावोजींनी एक दम घेतला. साडेआठ वाजले होते. माझ्या मनगटावर घड्याळ आहे आणि ते बघायची मला सवय आहे.

जेवून मी निघालो. बहीण म्हणाली, "दादा, राहा ना रे आज. उशीर झालाय." मी म्हणालो, "नको गं, सकाळी बँकेचा ताळा करायचाय." साडेनऊला मी खाली रस्त्यावर आलो आणि मुलुंडला घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, अकरा चाळीसला ऑफिसात फोन आला. गाळ्यातला माणूस होता. "प्रेस डबल मारली," एवढंच म्हणाला. एकदा पायडल दाबल्यावर ठोकळा एकदाच खाली यायला हवा. तो वर जाऊन न थांबता पुन्हा आला, तेव्हा भावोजींचा हात कापलेलं झाकण उचलायला आत गेलेला होता. शनिवारपासून ती प्रेस अशी मधूनच डबल मारत होती, आणि हे फोरमनला सांगितलं होतं, असं त्याच माणसाने मला हॉस्पिटलच्या फाटकाशी सांगितलं. पुढे साक्षीला ये म्हटल्यावर तो म्हणाला, "साहेब, मला पण दोन पोरं आहेत." त्याला मी दोष देत नाही.

महापालिकेच्या हॉस्पिटलात मी बहिणीच्या आधी पोचलो. ती पहाटे दूध केंद्रावर काम करायची, तिथून थेट दुसऱ्या ठिकाणी पोळ्या लाटायला जायची. तिला शोधायला माणूस गेला होता. भावोजी स्ट्रेचरवर होते. हाताला गाळ्यातलंच फडकं बांधलेलं, त्यावर ऑइलचे डाग आणि रक्त. शुद्धीवर होते. मला पाहून म्हणाले, "दादा, तिला एकदम सांगू नका."

भूल देणाऱ्या डॉक्टर बाई तरुण होत्या. घाईत होत्या. त्यांनी मला बाजूला घेतलं.

"तुम्ही कोण?"

"मेहुणा. बायकोचा भाऊ."

"सकाळपासून काय खाल्लंय? आधीचे आजार? दारू? तंबाखू? आणखी काही? खरं सांगा हं, भूल द्यायचीय. नंतर जिवावर बेतेल."

मी म्हणालो, "दारू नाही. तंबाखू नाही. गांजा. सोमवारी घेतात."

"शेवटचा कधी?"

"काल. रात्री साडेआठला. एक दम. त्याआधी तीन महिने बंद होता."

त्यांनी मान हलवली, केसपेपरवर काहीतरी लिहिलं आणि आत गेल्या. ऑपरेशन अडीच तास चाललं. अंगठा राहिला. बाकीची चारही बोटं मुळापासून गेली.

त्या केसपेपरवर इंग्रजीत दोनच शब्द होते. गांजा घेतो, एवढाच त्याचा अर्थ. साडेआठ नव्हते, एक दम नव्हता, तीन महिने नव्हते. मला ते पाच महिन्यांनी कळलं.

शेठ वाईट माणूस होता असं मी म्हणणार नाही. पहिल्या दिवशी तो हॉस्पिटलात आला, पाचशे रुपये बहिणीच्या हातात ठेवले, बाकावर बसून डोळे पुसले. म्हणाला, "मी आहे ना, ताई. काय असेल ते कायद्याने देईन." एप्रिलपर्यंत अर्धा पगार वेळेवर दिला. मग त्याच्या वकिलांनी हॉस्पिटलातून कागदांच्या नकला काढल्या आणि जुलैत आमच्या अर्जाला उत्तर आलं : कामगार गांजाचा व्यसनी असून अपघातसमयी नशेच्या अमलाखाली होता, अपघात केवळ त्यामुळे झाला, सबब मालक काहीही देणे लागत नाही.

भावोजींनी तो कागद डाव्या हातात धरून दोनदा वाचला. विचारलं, "हे हॉस्पिटलला कुणी सांगितलं?"

मी म्हणालो, "मी."

त्यांनी कागद मांडीवर ठेवला. मग म्हणाले, "भूल द्यायची होती ना. सांगायलाच पाहिजे."

घरी आल्यावर मी हे बायकोला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "डॉक्टरला सांगितलंत ते बरोबरच. पण नंतर कागद बघायचा होतात. वाण्याचं बिल तीनदा बघता."

बहिणीने पैशांचं काय करायचं ते ठरवून ठेवलं होतं. चाळीच्या खालच्या अंगाला एका म्हाताऱ्याची पिठाची गिरणी होती. तो गावी जाणार होता, अठ्ठावीस हजारांत जागेसकट द्यायला तयार होता. दळण घालायला, पट्टा चढवायला, तराजू धरायला एक हात आणि एक अंगठा पुरतो, हे भावोजींनी स्वतः चार दिवस त्या गिरणीत उभं राहून पाहिलं होतं. म्हातारा म्हणाला होता, "पावसाळ्यापर्यंत थांबतो." तो एक पावसाळा थांबला, मग दुसराही थांबला.

आमचे वकील साधे होते, जिन्याखाली टेबल टाकून बसायचे. पण कायदा त्यांना पाठ होता. त्यांनी आम्हा तिघांना समोर बसवून समजावलं.

"नुसता गांजा घेतो म्हणून भरपाई जात नाही. त्या वेळेला अमल होता, आणि त्याच्यामुळेच अपघात झाला, हे शेठला दाखवावं लागेल. आपलं म्हणणं, अमल रात्री संपला. मशीन नादुरुस्त होतं. पण मशीनचा साक्षीदार पळाला. त्यांच्याकडे कागद आहे. आपल्याकडे काय आहे?"

"मी सकाळी घेतला नाही, आईशपथ," भावोजी म्हणाले.

"तुम्ही म्हणणारच. तुमच्या बायकोने पाहिलं?"

"ती साडेचारलाच केंद्रावर जाते."

"शेजारी?"

"कोर्टात नको म्हणतात."

वकिलांनी पेन खाली ठेवलं. "गंमत बघा. हा बचाव जखमी माणसालाच लागू आहे. कामगार मेला असता तर नशेत होता म्हणून शेठला सुटता आलं नसतं. गांजा घेतलेला असो, नसो, वारसांना पूर्ण मिळालं असतं."

बहिणीने पदर तोंडाशी नेला. आम्ही बाहेर पडलो, ती पुढे गेली. भावोजी माझ्याबरोबर चालत होते. रस्ता ओलांडायला थांबलो तेव्हा त्यांनी साध्या आवाजात विचारलं, "दादा, मेलो असतो तर किती?"

आणि मी सांगितलं. मला तक्ता पाठ झाला होता. पगाराच्या चाळीस टक्क्यांना तोच आकडा. मी म्हणालो, "त्रेपन्न हजार दोनशे बेचाळीस रुपये अठ्ठ्याऐंशी पैसे."

ते म्हणाले, "म्हणजे गिरणी घेऊन पंचवीस हजार वर."

माणसाने काही विचारलं की उत्तर द्यायचं, ते अचूक द्यायचं, हे मी पंचवीस वर्षं ऑफिसात केलं. त्या रस्त्यावर मी गप्प बसायला हवं होतं. "काय वेड्यासारखं विचारता," एवढं तरी म्हणायला हवं होतं. पुढे कित्येक दिवस मी संध्याकाळी ऑफिसातून घाटकोपरला उतरून ते घरी आहेत ना हे बघून मग मुलुंडला जात असे. ते दारात बसलेले असत. डाव्या हाताने पाटीवर अक्षरं गिरवत असत, मुलीबरोबर. मुलगी म्हणायची, "मामा, बाबांचा ग उलटा येतो."

सुनावणीच्या दोन दिवस आधी वकील बहिणीच्या खोलीवरच आले. भावोजींची आई कोकणातल्या गावाहून आली होती, ती कोपऱ्यात बसली होती. वकील मला म्हणाले, "एक मार्ग आहे. उद्यापनाला तुम्ही होतात, हे सगळ्यांना माहीत आहे. त्या रात्री तुम्ही इथेच मुक्काम केलात. सकाळी सातला ते तुमच्यासमोर चहा पिऊन कामाला गेले. डोळे साफ, बोलणं साफ. संपलं. तुमच्यासारख्या माणसावर आयुक्त विश्वास ठेवतील."

"पण मी साडेनऊला निघालो."

"कोण बघायला आलंय?"

मी म्हणालो, "माझी बायको मुलुंडला..."

"तुमच्या बायकोला कोण बोलावतंय, साहेब!"

बहीण माझ्यासमोर येऊन बसली. लहानपणी पाढे म्हणून दाखवायला बसायची तशी. "दादा, खरं तेच आहे ना? ह्यांनी सकाळी घेतला नव्हता. तुला पटतंय ना?"

"पटतंय."

"मग फक्त तू ते पाहिलंस एवढंच म्हण. बाकी सगळं खरंच आहे."

कोपऱ्यातून म्हातारी म्हणाली, "तुमी खरा बोलणारे, ह्या माका कळता. पण माझ्या झिलाचो हात गेलो."

भावोजी म्हणाले, "आई, त्यांना गळ घालू नको. दादा, तुमच्या मनात नसेल तर राहू द्या."

मी म्हणालो, "बोलतो." हे मी स्वच्छ लिहितो. मला कुणी बळजबरी केली नाही. बहिणीच्या डोळ्याला डोळा देऊन मी "बोलतो" म्हणालो, आणि तिने माझ्या पायांवर हात ठेवला, म्हणजे पायच धरले. त्या रात्री तिने गिरणीवाल्या म्हाताऱ्याला निरोप पाठवला की आठवड्याभरात काहीतरी कळेल.

९ जुलैला साडेअकराला माझं नाव पुकारलं. ईश्वरसाक्ष खरं सांगेन, असं म्हणायला लावलं. आमच्या वकिलांनी नाव, वय, नोकरी विचारली. उद्यापनाचं विचारलं. चिलमीचं विचारलं. मी सांगत गेलो : गोसाव्याने दिली, त्यांनी नको म्हटलं, प्रसाद म्हणून एक दम घेतला, साडेआठ वाजले होते. लघुलेखक लिहीत होता. आयुक्त माझ्याकडे बघून मान डोलवत होते. माझं बोलणं त्यांना पटत होतं, हे मला दिसत होतं.

मग आमच्या वकिलांनी विचारलं, "त्या रात्री तुम्ही कुठे होतात?"

मी म्हणालो, "साडेनऊपर्यंत बहिणीकडे."

वकील थांबले. त्यांनी चष्मा वर केला. "आणि साडेनऊनंतर? नीट आठवून सांगा."

मला सगळं नीट आठवत होतं. चाळीचा उतार, बँकेचा ताळा, घरी पोचलो तेव्हाचे दहा वीस. पाठ केलेलं वाक्यही आठवत होतं. मी म्हणालो, "साडेनऊला मी निघालो. मुलुंडला घरी गेलो."

शेठचे वकील उठले. त्यांना फार वेळ लागला नाही.

"म्हणजे मंगळवारी सकाळी तुम्ही तिथे नव्हतात?"

"नव्हतो."

"त्यांनी सकाळी गांजा घेतला नाही, हे तुम्ही स्वतः पाहिलेलं नाही?"

"पाहिलेलं नाही."

"सोमवारी घेतात, हे हॉस्पिटलमध्ये तुम्हीच सांगितलं?"

"मीच सांगितलं."

"धन्यवाद. आणि ती चिलीम देणारा गोसावी अजून तिथेच असतो का? पोलिसांनाही कळायला हवं म्हणून विचारतो." हे ते माझ्याकडे बघून बोलले नाहीत, भावोजींकडे बघून बोलले. आयुक्तांनी त्यांना तिथेच अडवलं. पण भावोजींनी उजवा हात शर्टाखाली नेला होता, तो मग बाहेर काढला नाही.

मी खरं बोललो म्हणून मला कुणी चांगलं म्हणू नये. खरं बोलायचं असं मी ठरवलं नव्हतं. मी खोटं बोलायचं ठरवलं होतं आणि ते मला जमलं नाही. यात सचोटी किती आणि नुसती सवय किती, हे मी अनेकदा मांडून पाहिलं. ताळा लागत नाही.

बाहेर व्हरांड्यात आमचे वकील माझ्याशी बोलले नाहीत. ते शेठच्या वकिलांशी बोलायला गेले. बहीण खिडकीपाशी उभी होती. मी जवळ गेलो. मला वाटलं ती रडेल, किंवा भांडेल.

ती म्हणाली, "त्या दिवशी मी तुला राहा म्हटलं होतं."

"हो गं."

"राहिला नाहीस. आणि आज नुसतं राहिलो म्हणायचं होतं. एक रात्र माझ्या घरी झोपला नाहीस तू, दादा. खोटंसुद्धा झोपला नाहीस."

भावोजी म्हणाले, "असू दे गं. घेतला मी. नसता घेतला तर विचारायची वेळच आली नसती."

तेव्हा ती वळली. "मी घ्यायला लावला," ती म्हणाली. "नाही म्हणत होते ते. मी म्हटलं, घ्या." आणि मग ती रडली. सोळा सोमवार निर्जळी उपास केलेल्या बाईला मी तसं रडताना त्याआधी पाहिलं नव्हतं. तिचं हे वाक्य मी साक्षीत सांगितलं नव्हतं. मला कुणी विचारलं नव्हतं, म्हणून.

दुपारी वकील तडजोड घेऊन आले. केस चालवली तर निकाल काय लागेल सांगता येत नाही, विरुद्ध गेला तर काहीच नाही, बाजूने लागला तर शेठ अपिलात जाईल. शेठ माणुसकी म्हणून अकरा हजार द्यायला तयार आहेत. दोष कबूल नाही. पुढे कोणतीही मागणी नाही. भावोजींनी बहिणीकडे पाहिलं, बहिणीने जमिनीकडे पाहिलं. भावोजी म्हणाले, "घेऊ."

मी त्या रात्री बायकोशी बोलून ठरवलं की फरक आपण भरून काढायचा. बावीस हजार दोनशे शहात्तर रुपये ऐंशी पैसे. माझ्या भविष्यनिर्वाह निधीतून नऊ हजार उचलता येत होते, बाकीचे महिना दोनशेने. मी कागदावर मांडून बहिणीकडे नेलं. तिने कागद वाचला, घडी करून माझ्या खिशात परत ठेवला.

"तुझी दोन मुलं शिकायचीत," ती म्हणाली. "आणि हे पैसे शेठने द्यायचे होते रे. तू कशाला देतोस?"

गिरणी ऑगस्टमध्ये दुसऱ्याने घेतली. दिवाळीनंतर ते तिघं म्हातारीबरोबर गावी गेले. तिथे भावोजी गुरं बघतात आणि शाळेपुढे गोळ्याबिस्किटांची टपरी चालवतात. पुढच्या वर्षी भाऊबीजेला बहीण आली होती. ओवाळलं, माझ्या आवडीच्या करंज्या आणल्या होत्या. दोन दिवस राहिली, सगळ्यांशी हसून बोलली. पण पूर्वी ती प्रत्येक गोष्ट मला विचारायची, कुठली शाळा, कुठला डॉक्टर, पैसे कुठे ठेवू. आता ती मला काहीच विचारत नाही.

पैसे मिळाले ते २१ सप्टेंबर १९८७ला, सोमवारी, त्याच कचेरीत. एकूण अकरा हजार. एप्रिलपर्यंत दिलेला अर्धा पगार शेठने त्यातून वळता करून घेतला, आठशे. राहिले दहा हजार दोनशे. ते भावोजींना, डाव्या हाताच्या सहीवर. सही त्यांनी सावकाश केली, अक्षर न् अक्षर सुटं. त्यातून वकिलांना अकराशे. मग कारकुनाने मला बोलावलं. ऑफिसातून रजा मिळावी म्हणून वकिलांनी माझ्या नावाने समन्स काढलं होतं, आणि समन्सवर आलेल्या साक्षीदाराला भत्ता असतो. तो साक्षीदार बोलावणाऱ्यानेच कचेरीत भरायचा असतो, आणि बहिणीने तो आधीच भरून ठेवला होता. जाण्यायेण्याचे आणि एका दिवसाचे मिळून अठरा रुपये. ते मला.